रोहिणीआधीची फुलबाग

मे महिन्याच्या मध्यावर आजरा तालुक्यात दोन कामं एकाच वेळी दारात उभी राहतात. शिवारात भाताच्या धूळवाफ पेरणीची तयारी सुरू होते आणि परड्यातला मोगरा शेवटच्या बहरावर येतो. पेरणी कुणी विसरत नाही, कारण वर्षाचं भात त्यावर अवलंबून असतं. परड्यातल्या फुलझाडांचं काम मात्र ‘पाऊस पडू दे, मग बघू’ म्हणून मागे पडतं. पाऊस पडतो तो झडच घेऊन येतो. मग वाफ्यात पाय रुततो, कुंड्यांत पाणी साचतं आणि श्रावणात देवाला वाहायला फुलं बाजारातून आणावी लागतात.

बागकामाची पुस्तकं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ या बाबतीत फारशी मदत करत नाहीत. युरोपातला उन्हाळ्याचा शेवट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो, त्यामुळे तिकडचा सल्ला थंडीआधीच्या आवराआवरीचा असतो. दिल्लीच्या बागवानाला लू सोसणारी झाडं हवी असतात, तर पुण्याच्या गच्चीवर पाण्याची काटकसर महत्त्वाची ठरते. आजऱ्यात उन्हाळा संपतो तो वळवाच्या गडगडाटात, आणि तिथूनच बागेचं वर्ष सुरू होतं. म्हणून इथल्या उन्हाळअखेरीच्या फुलबागेचा आढावा इथल्या पावसाकडे आणि मातीकडे बघूनच घ्यावा लागतो.

पावसाचं घर जवळ

आजरा हे हिरण्यकेशीच्या काठचं गाव. ही नदी आंबोलीत उगम पावते, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करते आणि पुढे घटप्रभेला मिळते. तिच्या उगमाकडे, आंबोलीला, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आजऱ्यात तो बराच कमी असतो आणि पूर्वेला गडहिंग्लजकडे सरकावं तसा आणखी घटत जातो. म्हणजे एकाच तालुक्यात पश्चिमेकडच्या वाडीला आणि पूर्वेकडच्या गावाला फुलबागेचा एकच सल्ला लागू पडत नाही. घाटाकडच्या घराला जूनपासून ऑगस्टपर्यंत सूर्य क्वचितच दिसतो. पूर्वेकडच्या घराला मधूनमधून उघडीप मिळते.

वेळेचं गणित नक्षत्रांवर चालतं. रोहिणी 25 मेच्या सुमारास निघते, मृग 7-8 जूनला, आर्द्रा 22 जूनच्या आसपास. मात्र पाऊस दरवर्षी हे वेळापत्रक पाळत नाही. 2023 साली मोसमी पाऊस केरळात 8 जूनला पोहोचला आणि मुंबई गाठायला त्याला 25 जून उजाडला. 2025 साली तोच पाऊस केरळात 24 मेला आणि मुंबईत 26 मेला दाखल झाला. दोन वर्षांच्या अंतरात महिन्याचा फरक! पहिल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला लावलेली रोपं पाण्यावाचून करपायची भीती होती, दुसऱ्या वर्षी मेअखेरीला ठेवलेली कामं तशीच राहून जाण्याची. दोन्ही वर्षांचा धडा एकच आहे. मातीकाम, खड्डे, वाफे आणि चर मेच्या मध्यापर्यंत पूर्ण करावेत. रोपं आणि बी यांची लागण मात्र पावसाचा अंदाज बघून पुढेमागे करावी.

घरातली माणसं रोहिणी-मृगात शेतावर असतात, हेही एक कारण आहे. फुलबाग बहुतेक घरांत बायकांच्या हाती असते आणि पेरणीच्या दिवसांत त्यांनाच सगळ्यात कमी सवड मिळते. म्हणून बागेची आगोट पेरणीच्या आधीच उरकलेली बरी.

तांबडी माती, साचणारं पाणी

पश्चिमेकडची जमीन जांभ्याची. शतकानुशतकांच्या पावसानं तिच्यातला चुना आणि इतर क्षार धुऊन नेले आहेत. मागे राहिलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. त्यामुळे ही माती आम्ल असते आणि तिच्यात टाकलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधलं जाऊन झाडाला सहजी मिळत नाही. कळ्या कमी लागण्यामागे अनेकदा हेच कारण असतं. बाजारातलं खत वाढवून ते सुटत नाही. कुजलेलं शेणखत आणि थोडा हाडांचा चुरा मेमध्येच मातीत मिसळला, तर स्फुरद हळूहळू आणि जास्त काळ मिळत राहतं. चुलीतली राख आम्लता कमी करते आणि पालाशही देते. झेंडू, गुलाब यांना ती मूठभर चालते.

दोन झाडांना मात्र राख घालू नये. पहिलं अनंत. त्याला आम्ल माती लागते, चुनखडीच्या जमिनीत त्याची पानं पिवळी पडतात. दुसरं हायड्रेंजिया, महाबळेश्वर-पाचगणीच्या बागांत दिसणारं गुच्छांचं झाड. आम्ल मातीतलं ॲल्युमिनियम शोषून त्याची फुलं निळी होतात आणि चुना वाढला की गुलाबी पडतात. ज्या जमिनीला इतर झाडांसाठी दोष लागतो, तीच या दोघांना मानवते.

पण मातीपेक्षाही मोठा प्रश्न निचऱ्याचा आहे. पावसाळ्यात इथली फुलझाडं मरतात ती बहुधा मुळं गुदमरून. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. दोन-चार दिवसांत ती कुजू लागतात आणि बुरशी शिरते. वर पानं कोमेजतात आणि माणूस समजतो, झाडाला पाणी हवंय. यावर उपाय उन्हाळ्यातच करायचा असतो. वाफे सव्वा मीटरपर्यंत रुंद आणि जमिनीपासून 20 ते 30 सेंटिमीटर उंच करावेत, शेजारून उताराच्या दिशेनं चर काढावा. कौलारू घराच्या पागोळ्या जिथे पडतात, तिथे वाफा करू नये. तिथे जांभ्याचे तुकडे किंवा फुटकी कौलं पसरली, तर माती उडत नाही आणि भिंतीही चिखलानं माखत नाहीत.

कुंड्यांसाठी आजऱ्यात एक उत्तम वस्तू हाताशी आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या घनसाळ भाताचा हा मुलूख. इथल्या भात गिरण्यांवर तूस निघतं. दोन भाग तांबडी माती, एक भाग शेणखत आणि एक भाग जुनं किंवा काळं भाजलेलं तूस, असं मिश्रण हलकं राहतं आणि पाणी धरून ठेवत नाही. ताजं तूस वापरलं, तर ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, म्हणून जुनं बरं. विकतच्या कोकोपीटची इथे फारशी गरज नाही. ते ओल धरून ठेवण्यासाठी असतं आणि झडीच्या तीन महिन्यांत नेमकं तेच नको असतं.

मेमध्ये काय फुलतं

उन्हाळ्याचा शेवट हा फुलांचा दुष्काळ नसतो. रस्त्याकडेला बहावा आणि गुलमोहर असतात, ओढ्याकाठी ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. ते नेमकं महाराष्ट्र दिनाच्या सुमारास बहरात असतं. परड्यात मोगरा, अनंत, सोनचाफा, अबोली, कण्हेर, जास्वंद आणि मे महिन्यातच उगवणारी लाल गोळ्यांची मे फ्लॉवर. तिचा कांदा वर्षातले बरेच महिने जमिनीत झोपलेला असतो. वळीव पडला की दांडा वर येतो, फूल आधी उमलतं आणि पानं मागून भरतात. फूल सरल्यावर लोक ती पानं कापतात. ती कापू नयेत. पुढच्या वर्षीच्या फुलाचं अन्न तीच बनवतात.

मोगऱ्याचा शेवटचा बहर ओसरला की वाळक्या आणि आत शिरलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. कडक छाटणीची वेळ नोव्हेंबर-डिसेंबरची. तेव्हा झुडूप गुडघ्याएवढं ठेवलं, तर पुढच्या फाल्गुनापासून कळ्या धरतात. मेअखेरीला कडक छाटलं, तर झडीत फुटलेली कोवळी फूट कुजते. गुलाबाचंही तसंच आहे. देशावर कोरड्या भागात जूनमध्ये छाटणी करतात, पण आजऱ्यासारख्या गावात मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये करावी. तोवर गुलाबाच्या कुंड्या पडवीच्या कडेला, उजेड मिळेल पण धार लागणार नाही अशा जागी हलवाव्यात. पानांवर काळे ठिपके पडण्याचा रोग ओल्या पानांवरच पसरतो.

मेक्सिकोचे पाहुणे

या भागातल्या पावसाळी फुलांकडे बघितलं, तर एक गोष्ट लक्षात येते. झेंडू, डेलिया, झिनिया, कॉसमॉस आणि निशिगंध, ही सगळी मंडळी मूळची मेक्सिकोच्या परिसरातली. डेलिया तर 1963 पासून मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. तिथलं पावसाचं वेळापत्रकही आपल्यासारखंच, साधारण जून ते सप्टेंबर. कोरडा हिवाळा-उन्हाळा कांद्यात किंवा बियांत काढायचा आणि पाऊस आला की वाढायचं, हा या झाडांचा स्वभाव आहे. म्हणून ती महाराष्ट्रात परकी वाटेनाशी झाली. फरक इतकाच, की तिथल्या डोंगरांवर आजऱ्याइतका पाऊस पडत नाही. उंच वाफा आणि चांगला निचरा दिला, तर ती इथे मनापासून फुलतात. सपाट जमिनीत लावली, तर श्रावणाआधीच सडतात.

डेलियाचे गड्डे मेच्या शेवटच्या आठवड्यात वाळूतून बाहेर काढावेत. रताळ्यासारख्या दिसणाऱ्या नुसत्या गड्ड्याला कोंब फुटत नाही. जुन्या खोडाचा तुकडा आणि त्यावरचा डोळा गड्ड्याबरोबर असावा लागतो. वेगळे करताना एवढं बघितलं, तर एकही गड्डा वाया जात नाही. लागण पहिल्या दोन-तीन पावसांनंतर करावी आणि त्याच दिवशी शेजारी काठी रोवावी. नंतर रोवलेली काठी गड्ड्यातून आरपार जाते.

निशिगंधाचे कांदे मार्चमध्ये काढून महिनाभर सावलीत सुकवलेले असतील, तर मेच्या मध्यापर्यंत लावून टाकावेत. लावल्यापासून साधारण 80 ते 100 दिवसांत दांडे येतात, म्हणजे श्रावणाच्या सुमारास. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा कांदा निवडावा, लहान कांद्याला पहिल्या वर्षी दांडा येत नाही. एकेरी पाकळ्यांच्या जातीला वास जास्त असतो, हारासाठी तीच वापरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘फुले रजनी’ ही एकेरी जात दिली आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ या जातीही महाराष्ट्रात लावल्या जातात.

सणांचं गणित

कोल्हापूर भागात फुलांची खरी मागणी श्रावणापासून दसरा-दिवाळीपर्यंत असते. उन्हाळ्याच्या शेवटी ठरवलेलं वेळापत्रकच तिला पुरं पडतं.

झेंडूचं बी पेरल्यावर रोप तीन-चार आठवड्यांत लागणीला येतं आणि त्यानंतर दोन महिन्यांत फुलं सुरू होतात. मेमध्ये पेरलेला झेंडू ऑगस्टच्या झडीत फुलतो आणि जड, भिजलेली फुलं देठावरच कुजतात. म्हणून पश्चिमेकडच्या गावांनी झेंडू गणपतीसाठी न धरता दसऱ्यासाठी धरावा. त्यासाठी पेरणी जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, रोपवाटिकेवर ताडपत्रीचा आडोसा करून व्हावी. पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या गावांना मात्र मेअखेरची पेरणी साधते.

शेवंती दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली, की कळ्या धरते. म्हणून ती दिवाळीपासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत फुलते. तिची मुनवं एप्रिल-मेमध्ये वेगळी करून लावली, तर पावसाळाभर झाड भरतं. लागणीनंतर महिन्याभरानं शेंडा खुडला, की फुटवे वाढतात आणि फुलं दुपटीनं येतात. पावसाळ्यात मात्र तिला वळचणीखाली ठेवावं लागतं. पाणी साचलेली जागा तिला अजिबात सोसत नाही.

तेरडा आपोआप उगवतो म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण गौरीला तो लागतोच. कोल्हापूर भागात अनेक घरांत तेरड्याचीच गौर आणतात. परड्याच्या एका कोपऱ्यात रानतेरडा वाढू दिला, दूर्वा आणि आघाडा राखला, तर हरताळकेच्या आणि गणपतीच्या पत्रीसाठी डोंगर ओरबाडावा लागत नाही. मेमध्ये त्या कोपऱ्यातली खुरपणी थांबवायची, एवढंच काम असतं.

सोनटक्का हा तर पावसाचाच. त्याच्या आल्यासारख्या कंदाचे तुकडे पहिल्या वळवानंतर सांडपाण्याच्या वाटेवर लावावेत. जिथे इतर काही टिकत नाही, तिथे तो ऑगस्ट ते ऑक्टोबर घमघमतो.

खड्डे, कलमं आणि बी

सोनचाफा, पारिजातक, बहावा, ताम्हण यांसारखी झाडं लावायची असतील, तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा एप्रिलअखेर खणून पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्यावा. भरताना वरची माती, दोन घमेली शेणखत आणि पालापाचोळा घालून जमिनीपेक्षा वीतभर उंच ढीग ठेवावा. पहिल्याच पावसात तो बसतो. सपाट भरलेल्या खड्ड्याचं जुलैत डबकं होतं. सोनचाफा बियांपासून लावला तर फुलासाठी अनेक वर्षं थांबावं लागतं, कलम दुसऱ्या वर्षाच्या आसपास फुलतं. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट मात्र वेळोवेळी काढावी.

जाई, जुई, मोगरा, जास्वंद, कृष्णकमळ यांची छाटकलमं करायला मृगाइतका चांगला काळ नाही. हवेत ओल असते, पानं सुकत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी तिरकी कापून तूस-वाळूत रोवावी. वेलीला मांडव हवा असेल, तर बांबू मेमध्येच उभे करावेत. ओल्या जमिनीत रोवलेला मांडव वादळी पावसात झुकतो.

बी गोळा करण्याची शेवटची संधीही मेमध्येच असते. अबोलीचं वाळलेलं बोंड पाणी लागलं की फुटतं आणि बी दूर उडतं. म्हणून वळवानंतर मूळ झाडाभोवती आपोआप रोपं उगवलेली दिसतात. बी हवं असेल, तर वळवाआधी बोंडं खुडून कागदी पिशवीत ठेवावीत. झिनिया, कॉसमॉस, गुलबक्षी आणि गावठी झेंडू यांचंही बी राखता येतं. संकरित झेंडूचं बी राखून उपयोग होत नाही, पुढच्या पिढीत फुलं लहान-मोठी आणि मिसळ निघतात.

कीड आणि गोगलगायी

उन्हाळ्याच्या शेवटी जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि गुलाबावर लाल कोळी असतो. कोरड्या उष्णतेत दोन्ही फोफावतात. पाण्याचा जोरदार फवारा, त्यानंतर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, एवढ्यावर घरच्या बागेत भागतं. बुरशीसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एका लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, पाऊस लागण्याआधी एकदा फवारावं. पाऊस सुरू झाला की गोगलगायी निघतात आणि डेलियाचा कोवळा कोंब एका रात्रीत संपवतात. त्यांचे अड्डे म्हणजे विटांचे ढीग, फुटक्या कुंड्या आणि पालापाचोळ्याच्या राशी. ते मेमध्ये हलवावेत आणि पाला खड्ड्यात कुजवायला टाकावा.

रासायनिक खत जून-जुलैमध्ये देणं टाळावं. धो-धो पावसात नत्र मुळांच्या खाली वाहून जातं आणि शेवटी ओढ्यात उतरतं. खत श्रावणात उघडीप सुरू झाल्यावर द्यावं.

रानातली फुलं रानात

आजऱ्याच्या पश्चिमेकडचं जंगल सह्याद्रीच्या सर्वांत समृद्ध पट्ट्यांपैकी एक आहे. मे-जूनमध्ये जुन्या झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी लोंबते. हे ऑर्किड आसाम आणि अरुणाचल प्रदेशाचं राज्यफूल आहे. पावसाळ्यात कळलावी आणि कंदीलपुष्पं येतात. या भागाच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद शिवाजी विद्यापीठाचे डॉ. एस. आर. यादव आणि डॉ. एम. एम. सरदेसाई यांनी 2002 साली कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतीकोशात केली. कंदीलपुष्पांचा अभ्यास आणि जतन यासाठी डॉ. यादव यांचं काम देशभर ओळखलं जातं.

ही झाडं बघून घरी नेण्याचा मोह होतो. सीतेची वेणी फांदीवरून ओरबाडून कुंडीत लावली, तर बहुधा जगत नाही. तिची मुळं झाडाच्या सालीवर हवेतली ओल शोषत वाढलेली असतात. वादळात मोडून पडलेली फांदी सापडली, तर तिच्यावरचं ऑर्किड आंब्याच्या खोडाला काथ्यानं बांधून वाचवता येतं, तेवढंच करावं. कळलावीचा कंद विषारी असतो, लहान मुलं असलेल्या घरात तो लावू नये.

मग लावायचं काय?

सगळा आढावा घेतल्यावर निष्कर्ष स्पष्ट आहे. जांभ्याच्या जमिनीत आणि चार महिन्यांच्या पावसात ज्यांना सांभाळावं लागत नाही अशी फुलझाडं इथल्या जुन्या परड्यांत आधीपासून आहेत: अनंत, अबोली, सोनटक्का, जास्वंद, मोगरा, जुई, गुलबक्षी, तेरडा, सोनचाफा. बागेचा मोठा हिस्सा त्यांना द्यावा. डेलिया, निशिगंध आणि झेंडू यांना उंच वाफा द्यावा. गुलाब आणि शेवंती कुंडीत, आडोशाला राहावीत. हिवाळी फुलांचा हव्यास ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवावा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शनही जानेवारीतच भरतं.

नवी घरं बांधताना फरशी घातली जाते आणि परडं नाहीसं होतं. त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या एका दारातून दुसऱ्या दारात गेलेले कांदे, कंद आणि फांद्याही जातात. आजऱ्यातल्या शाळांनी आणि महिला बचत गटांनी मेच्या सुट्टीत एक दिवस अशा रोपांच्या देवघेवीसाठी ठेवावा. ज्यांच्याकडे जुनी जुई किंवा एकेरी अबोली आहे, त्यांनी चार फांद्या, मूठभर बी घेऊन यावं. 1950 पासून देशभर जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव होतो. त्यासाठी लागणारी रोपं तोवर या देवघेवीतूनच तयार होतील.

वाचकांना सांगणं एवढंच. यंदा मेच्या मध्यापर्यंत उंच वाफे, चर आणि खड्डे पूर्ण करा, बी राखून ठेवा, आणि दसऱ्याच्या झेंडूचं बी जूनअखेरीला टाका.